ठाऊक असणे आणि घडणे : दिल्लीतील शिक्षण, आरोग्य व पर्यावरणविषयक संशोधन

विकासविषयक प्रश्नपत्रिकांत योजनांची नावे, त्यांच्या प्रारंभाची वर्षे आणि तरतुदी हमखास विचारल्या जातात व विद्यार्थीही त्या तोंडपाठ करतात. परंतु एखादी योजना ज्या बालकासाठी वा रुग्णासाठी आखली गेली, त्याच्या आयुष्यात तिच्यामुळे काही बदल घडला काय, आणि घडला असल्यास तो त्याच योजनेमुळे घडला हे कशावरून म्हणायचे, हा प्रश्न उत्तरपत्रिकेत क्वचितच उमटतो. विकसनशील देशांतील सामाजिक संशोधनाचा गेल्या तीन दशकांतील बहुतांश खटाटोप नेमका याच प्रश्नाभोवती चाललेला आहे. त्याचा अभ्यास करण्यास दिल्ली व तिचा राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा परिसर यांच्याइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स (१९४९), अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (१९५६), आर्थिक विकास संस्था व राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद (१९६१) या संस्था ज्या शहरात आहेत, त्याच शहरात यमुनेपलीकडच्या दाट वस्त्या आहेत. संशोधक आणि संशोधनाचा विषय यांच्यात येथे बसच्या एका फेरीचेच अंतर आहे.

प्रस्तुत लेखात दिल्लीतील काही निवडक अभ्यासांचा परामर्श घेतला आहे. हे अभ्यास वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या विद्वानांनी, वेगवेगळ्या पद्धतींनी केले. तरीही ते एकत्र वाचले असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. काय करावयास हवे, याचे ज्ञानच नव्हते, असे फार थोड्या ठिकाणी आढळले. ठाऊक असलेली गोष्ट प्रत्यक्षात का घडत नव्हती, हे शोधण्यातच संशोधकांची बरीच शक्ती खर्ची पडली.

लोहाच्या गोळ्या आणि बालवाडीची हजेरी

२००१ च्या अखेरीस पूर्व दिल्लीतील झोपडवस्त्यांमध्ये 'प्रथम' या संस्थेच्या बालवाड्यांमधून एक आरोग्य कार्यक्रम सुरू करण्यात आला. महाराष्ट्रातील वाचकांना ही संस्था अपरिचित नाही. १९९५ मध्ये मुंबईतील वस्त्यांमधील बालवाड्यांपासूनच तिच्या कार्याचा प्रारंभ झाला. दिल्लीतील बालवाड्यांत दोन ते सहा वर्षे वयाची मुले येत. प्राथमिक तपासणीत त्यांपैकी ६९ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त असल्याचे, तर ३० टक्के मुलांच्या आतड्यांत जंत असल्याचे आढळून आले. शंभरांतील जवळजवळ सत्तर मुले पुरेशा रक्ताविना अक्षरओळख करून घेत होती.

गुस्तावो बोबोनिस, एडवर्ड मिगेल व चारू पुरी-शर्मा या संशोधकांनी या कार्यक्रमाच्या परिणामांचे मोजमाप केले. त्यांची पद्धत विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. सुमारे २०० बालवाड्यांची गटांत विभागणी करण्यात आली आणि कोणती बालवाडी कोणत्या गटात जाणार, हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे सोडत काढावी तसे, ठरविण्यात आले. पहिल्या गटातील मुलांना जंतनाशक औषध व लोहाच्या गोळ्या आधी मिळाल्या. उरलेल्या गटांना त्या टप्प्याटप्प्याने नंतर मिळाल्या. 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा मात्र सर्वच मुलांना देण्यात आली, जेणेकरून गटागटांत फरक उरावा तो लोह व जंतनाशकाचाच.

सोडतीचा हा आग्रह कशासाठी? समजा, कार्यक्रम राबविण्याचे ठिकाण कार्यकर्त्यांच्या पसंतीवर सोपविले असते, तर तो बहुधा उत्साही सेविका असलेल्या, रस्त्यालगतच्या बालवाड्यांत आधी पोहोचला असता. तेथील मुलांची हजेरी वाढली असती, तर ती गोळ्यांमुळे वाढली की सेविकेमुळे, हे ठरविणे अशक्य झाले असते. सोडतीमुळे उत्साही व निरुत्साही, सुस्थित व विपन्न अशा बालवाड्या सर्व गटांत सारख्याच विखुरल्या जातात. त्यानंतर जो फरक दिसतो, त्याचे श्रेय उपक्रमाला देता येते. गोळ्या सर्वांना एकाच दिवशी पुरविणे शक्य नसतेच. मग आधी कोणाला, हे चिठ्ठीने ठरविले तर न्यायही होतो आणि तुलनाही साधते.

निष्कर्ष लक्षणीय होते. पहिल्या पाच महिन्यांत उपचार मिळालेल्या मुलांचे वजन इतरांच्या तुलनेत सुमारे अर्ध्या किलोने अधिक वाढले. बालवाडीतील उपस्थिती ५.८ टक्केबिंदूंनी वाढली, म्हणजेच गैरहजेरीचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने घटले. रक्तक्षयाचे प्रमाण मुळात अधिक असलेल्या गटांत, मुलींमध्ये व निम्न आर्थिक स्तरातील वस्त्यांत हा लाभ अधिक दिसला. शिक्षणावर होणाऱ्या परिणामासाठी येथे फळा, पुस्तक किंवा शिक्षक यांपैकी काहीच बदलले नव्हते. बदलले होते ते मुलांच्या रक्तातील लोह. आरोग्य आणि शिक्षण ही खाती मंत्रालयाच्या वेगवेगळ्या मजल्यांवर असतात, मुलाच्या शरीरात ती तशी नसतात, हे यातून उघड होते.

या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगणे अगत्याचे आहे, कारण तीच पुष्कळदा वगळली जाते. दुसऱ्या वर्षी तुलना बिघडली. काही मुले बालवाडी सोडून गेली, नवी मुले दाखल झाली, आणि नव्याने येणारी मुले कोणत्या गटातील बालवाडीत जातात हे आता सोडतीने ठरत नव्हते. संशोधकांनी ही अडचण स्वतःच नमूद केली व दुसऱ्या वर्षाच्या आकड्यांबाबत सावधगिरी बाळगली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधनिबंधाचा हा भाग आम्हांस त्यातील निष्कर्षाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

याच सुमारास केनियातील बुसिया जिल्ह्यात मिगेल व मायकेल क्रेमर यांनी ७५ शाळांमध्ये जंतनाशक उपचाराचा अभ्यास केला होता. तेथे गैरहजेरी एक चतुर्थांशाने घटली. परीक्षेतील गुणांत मात्र फरक पडला नाही. क्रेमर यांना अभिजित बॅनर्जी व एस्थर ड्युफ्लो यांच्यासमवेत २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशाच प्रायोगिक पद्धतीबद्दल. तथापि त्याच केनियातील आकडेवारीची अन्य संशोधकांनी पुनर्तपासणी केल्यावर २०१५ मध्ये त्या निष्कर्षांविषयी मोठा वाद झडला. परितोषिकाने वाद मिटत नाहीत, हेही परीक्षार्थींनी जाणून असावे.

दिल्लीत शाळांमार्फत सामूहिक जंतनाशक मोहीम २०१२ मध्ये सुरू झाली आणि १० फेब्रुवारी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळण्यास प्रारंभ झाला. येथवर संशोधन धोरणापर्यंत पोहोचल्याचे समाधान वाटते. लोहाचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील ६७.१ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त असल्याचे आढळले. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ५८.६ टक्के होते. पूर्व दिल्लीतील वस्त्यांचा आकडा आणि हा राष्ट्रीय आकडा यांची थेट तुलना करू नये. वयोगट, प्रदेश आणि मोजणीची रीत भिन्न आहे. पण लोहाच्या गोळीची उपयुक्तता ठाऊक होऊन दोन दशके लोटली तरी ती मुलाच्या पोटापर्यंत नियमितपणे पोहोचलेली नाही, एवढे अनुमान त्यातून निश्चित निघते.

इयत्ता सहावी, गणित तिसरी-चौथीचे

शिक्षणक्षेत्रातील संशोधनाचा धागाही मुंबईतूनच दिल्लीकडे येतो. २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांमध्ये 'बालसखी' उपक्रमाचे मूल्यमापन झाले. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एखादी तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून त्यांच्या पातळीपासून शिकवीत असे. मुलांच्या गुणांत स्पष्ट सुधारणा दिसली. मुलाला त्याच्या इयत्तेनुसार नव्हे, तर त्याला जे येते त्याच्या पुढचे शिकवावे, असा त्याचा मथितार्थ होता. चांगल्या शिक्षकाला यात नवे काही वाटणार नाही.

दिल्लीत २०१५-१६ मध्ये कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग व अलेहान्द्रो गानिमियन यांनी हाच प्रश्न उच्च प्राथमिक वर्गांच्या बाबतीत तपासला. सरकारी शाळांतील ६१९ विद्यार्थ्यांपैकी शाळा सुटल्यानंतर चालणाऱ्या संगणक-साहाय्यित केंद्रांत कोणाला मोफत प्रवेश मिळणार, हे सोडतीने ठरविण्यात आले. केंद्रात दीड तासाचा पाठ असे. अर्धा वेळ मुलाच्या उत्तरांनुसार प्रश्नांची काठिण्यपातळी बदलणारी 'माइंडस्पार्क' ही संगणक प्रणाली, आणि उरलेला वेळ लहान गटात साहाय्यक शिक्षकाचे मार्गदर्शन.

प्रारंभिक चाचणीतच विदारक चित्र समोर आले. सहावीतील सरासरी विद्यार्थी गणितात आपल्या इयत्तेच्या सुमारे अडीच वर्षे मागे होता आणि वरच्या इयत्तांत हे अंतर वाढतच जात होते. सोडतीत नाव न आलेल्या गटातील तळच्या एक तृतीयांश मुलांनी तर त्या कालावधीत शाळेत नियमित बसूनही जवळजवळ काहीही प्रगती केली नाही. मुले वर्गात होती, शिक्षक शिकवीत होते, पाठ्यपुस्तक पुढे सरकत होते; शिकणे मात्र थांबलेले होते.

केंद्रात प्रवेश मिळालेल्या मुलांचे गुण साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ व हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाने अधिक वाढले. 'प्रमाण विचलन' ही संज्ञा विद्यार्थ्यांना अडखळविते, म्हणून तिचा अर्थ सोप्या रीतीने सांगतो. शंभर मुलांना गुणांनुसार उभे केले, तर बरोबर मध्ये, म्हणजे पन्नासाव्या स्थानी असणारे मूल ०.३७ प्रमाण विचलनाच्या वाढीने सुमारे चौसष्टाव्या स्थानी जाईल. तेही मुलांची सरासरी उपस्थिती केवळ ५८ टक्के असताना.

येथेही एक खोच आहे. गणितातील ही प्रगती शाळेच्या वार्षिक परीक्षेत उमटली नाही. कारण उघड आहे. सातवीची प्रश्नपत्रिका सातवीचेच विचारते. चौथीच्या पातळीवरून पाचवीच्या पातळीवर आलेल्या मुलाची प्रगती तिला दिसतच नाही. मोजण्याचे साधन चुकीचे असेल, तर झालेले कामही न झाल्यासारखे भासते. उद्याच्या प्रशासकांनी हे उदाहरण ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

दिल्ली सरकारने २०१६ मध्ये 'चुनौती' व २०१८ मध्ये 'मिशन बुनियाद' या उपक्रमांद्वारे मुलांचे वाचन-गणिताच्या पातळीनुसार गट करून शिकविण्याचा मार्ग अवलंबिला. त्यावर मुलांवर शिक्का बसतो, अशी टीकाही झाली. ती सर्वस्वी निराधार नाही. याच शहरातील आणखी एक अभ्यास येथे उपयोगी पडतो. सवलतीत भूखंड मिळालेल्या खासगी शाळांना २००७ पासून काही जागा गरीब कुटुंबांतील मुलांना देणे भाग पडले. (शिक्षण हक्क अधिनियम, २००९ मधील २५ टक्के जागांची तरतूद त्यानंतरची.) गौतम राव यांनी दिल्लीतील प्रतिष्ठित शाळांमध्ये तपासले असता, गरीब सहाध्यायी लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाल्याचे, स्वेच्छेने सेवाकार्यात अधिक भाग घेत असल्याचे आणि गरीब मुलांविषयी कमी भेदभाव बाळगत असल्याचे आढळले. धावण्याच्या शर्यतीसाठी सोबती निवडताना श्रीमंत पण हळू मुलगा घ्यावा की गरीब पण चपळ, यांवरूनही त्यांनी हा भेदभाव मोजला. श्रीमंत मुलांच्या हिंदी व गणिताच्या गुणांवर परिणाम झाला नाही. इंग्रजीत किंचित घट दिसली.

एक अभ्यास मुलांना पातळीनुसार वेगळे बसवा म्हणतो व दुसरा एकत्र बसवा, असा विरोध यात काढता येईल. तो वरवरचा आहे. पहिल्याने वाचन-गणित मोजले, दुसऱ्याने वृत्ती मोजली. शाळेकडून समाजाला दोन्ही हवे असते. दिवसाचा काही काळ पातळीनुसार गट व उरलेला काळ एकत्र वर्ग, ही तडजोड कोणाही अनुभवी मुख्याध्यापकास सुचण्यासारखी आहे.

दवाखान्यातील परीक्षा

डॉक्टरांची कमतरता हे आरोग्यविषयक उत्तरांतील ठरलेले वाक्य असते. जिष्णू दास व जेफ्री हॅमर यांनी दिल्लीच्या सात वस्त्यांत केलेल्या पाहणीत वेगळेच दिसले. गरीब वस्त्यांतही चालत जाण्याच्या अंतरावर उपचार करणारे कित्येक होते. प्रश्न होता तो तेथे मिळणाऱ्या सेवेच्या गुणवत्तेचा.

त्यांनी ही गुणवत्ता दोन पायऱ्यांत मोजली. प्रथम डॉक्टरांसमोर कल्पित रुग्णांची लक्षणे मांडून तुम्ही काय विचाराल, काय तपासाल, कोणते औषध द्याल, हे विचारले. अतिसार झालेले बालक, क्षयाची लक्षणे असलेला रुग्ण अशी ती प्रकरणे होती. यातून डॉक्टरांचे ज्ञान कळले. सुमारे महिन्याने त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात निरीक्षक बसले आणि ते खऱ्या रुग्णांशी कसे वागतात हे नोंदविले. यातून त्यांची कृती कळली. दोहोंत मोठी तफावत होती. डॉक्टर जे जाणत होते, त्यापेक्षा बरेच कमी करीत होते. ठरावीक वेतनावरील सरकारी डॉक्टरांत ही तफावत सर्वाधिक होती. परिणामी अपुरी पात्रता असलेले खासगी व्यावसायिक, कमी जाणत असूनही, सरासरीने अधिक चांगली सेवा देत असल्याचे आढळले.

२००७ च्या या निष्कर्षाचा विपर्यास सहज होतो. 'वैदू बरा, सरकारी डॉक्टर वाईट' असे त्याचे भाषांतर करणे हा आळस आहे. अपुऱ्या पात्रतेच्या व्यावसायिकाचे ज्ञान तोकडेच होते. त्याने जे केले ते पुरेसे होते, असे संशोधकांनी म्हटलेले नाही. त्यांचा रोख असा की, सरकारी डॉक्टरांना आणखी प्रशिक्षण दिल्याने फारसे साधणार नाही, कारण उणीव ज्ञानाची नाहीच. त्यांनी सुचविला तो प्रोत्साहनांच्या रचनेत बदल. निरीक्षक समोर बसला असता माणूस एरवीपेक्षा अधिक काळजीने वागतो, हेही येथे लक्षात घ्यावे. म्हणजे प्रत्यक्षातील तफावत मोजलेल्या तफावतीहून मोठी असण्याचा संभव आहे.

हा दोष टाळण्यासाठी २०१४ मध्ये दिल्लीत क्षयरोगाविषयी निराळी रीत वापरली गेली. प्रशिक्षित १७ व्यक्ती रुग्ण बनून ७५ व्यावसायिकांकडे गेल्या. कधीतरी असा रुग्ण येईल, यास व्यावसायिकांनी आधीच संमती दिली होती. तो कोणता, हे त्यांना ठाऊक नव्हते. एकूण २५० भेटींपैकी केवळ ५२ भेटींत, म्हणजे २१ टक्के वेळा, मानकांनुसार योग्य उपचारयोजना झाली. उरलेल्या भेटींमागे खरा रुग्ण असता, तर तो खोकत घरी परतला असता व घरातील लहानग्यांशेजारी झोपला असता.

हवा : जेथे सोडत काढता येत नाही

पर्यावरणाच्या अभ्यासात यादृच्छिक प्रयोग बहुधा अशक्य असतो. अर्ध्या शहराला स्वच्छ हवा व अर्ध्याला दूषित, असे वाटप करता येत नाही. म्हणून येथे आकडेवारीचे दुसरे मार्ग चोखाळावे लागतात.

मॉरीन क्रॉपर व सहकाऱ्यांनी १९९१ ते १९९४ या काळातील दिल्लीतील दैनंदिन मृत्यू व हवेतील तरंगत्या कणांचे प्रमाण यांचा संबंध तपासला. तापमानादी घटकांचा प्रभाव वगळून कण वाढलेल्या दिवसांत मृत्यू किती वाढतात, हे त्यांनी पाहिले. एकूण मृत्यूंवरील परिणाम अमेरिकेतील शहरांच्या तुलनेत कमी निघाला. यावरून दिल्लीकरांची फुफ्फुसे कणखर आहेत, असे मानून कोणी सुटकेचा निःश्वास टाकू नये. अमेरिकेत प्रदूषणाचा घाव मुख्यतः ६५ वर्षांवरील वृद्धांवर पडत होता. दिल्लीत तो १५ ते ४४ या वयोगटात सर्वाधिक होता. मृत्यूंची वाढ तुलनेने कमी, परंतु प्रत्येक मृत्यूमागे गमावलेली वर्षे कितीतरी अधिक. पाश्चात्त्य देशांतील गुणक उचलून आपल्या शहरांना लावल्यास उत्तर दोन्ही बाजूंनी चुकते. विकसनशील देशांत स्वतंत्र संशोधन कशासाठी, या प्रश्नास याहून नेमके उत्तर आमच्या माहितीत नाही.

दिल्लीच्या सार्वजनिक वाहनांचे संपीडित नैसर्गिक वायूवर, म्हणजे सीएनजीवर, झालेले परिवर्तन सर्वपरिचित आहे. एम. सी. मेहता यांची याचिका १९८५ ची. २८ जुलै १९९८ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील सर्व बस ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणण्याची मुदत घातली. ती पाळली गेली नाही. दरम्यान केंद्र शासनाने गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन-इंधन धोरण समिती नेमली. शासनाने उत्सर्जनाची मर्यादा ठरवावी, ती कोणत्या इंधनाने गाठायची हे ठरवू नये, अशी समितीची भूमिका होती. तत्त्वतः ती सुसंगत होती. परंतु ५ एप्रिल २००२ च्या निर्णयात न्यायालय सीएनजीवर ठाम राहिले आणि डिझेल बसवर दैनंदिन दंड बसविला. २००२ संपेपर्यंत परिवर्तन पूर्ण झाले. तज्ज्ञांचे मत आणि न्यायालयाची निकड यांतील हा संघर्ष निबंधासाठी उत्तम विषय आहे. ज्या शहरात वाहनतपासणीची यंत्रणाच विश्वासार्ह नव्हती, तेथे केवळ मर्यादा ठरवून काय साधले असते, ही शंका मात्र राहतेच.

परिणाम काय झाला? उर्वशी नारायण व ॲलन क्रुपनिक यांच्या २००७ मधील विश्लेषणानुसार बसच्या परिवर्तनामुळे धूलिकण, कार्बन मोनॉक्साइड व सल्फर डायऑक्साइड यांचे प्रमाण घटण्यास मदत झाली. तीनचाकींच्या परिवर्तनातून तसा लाभ दिसला नाही. निकृष्ट तंत्रज्ञान हे त्याचे संभाव्य कारण सांगितले गेले. शिवाय डिझेल मोटारींचे वाढते प्रमाण व एकूण वाहनसंख्या यांमुळे मिळालेला लाभ झिजत असल्याचेही त्यांनी दाखविले.

मुलांपुरते बोलायचे, तर कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दिल्लीतील ३६ शाळांमधील ११,६२८ मुलांची तपासणी केली. ४३.५ टक्के मुलांची फुफ्फुसक्षमता कमी आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या ग्रामीण मुलांत हे प्रमाण २५.७ टक्के होते. आकडा भयावह आहे. तरीही पूर्व दिल्लीच्या बालवाड्यांना लावलेली कसोटी येथेही लावावी : तुलना कोणाशी? दूरच्या खेड्यातील मूल आणि महानगरातील मूल यांच्यात हवेखेरीज आहार, घर, इंधन असे अनेक भेद असतात. दोन आकड्यांतील सगळे अंतर हवेच्या खाती टाकता येत नाही. आणि हवा निर्दोष आहे, असेही त्यातून निघत नाही.

दिल्लीची हवा केवळ दिल्लीची नाही, हे नंतरच्या अभ्यासांनी स्पष्ट केले. ऊर्जा व संसाधन संस्था (टेरी) आणि पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया यांच्या २०१८ च्या अहवालानुसार हिवाळ्यात दिल्लीतील पीएम २.५ कणांपैकी सुमारे ३६ टक्केच शहराच्या आत निर्माण होतात. उरलेले नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम आदी राजधानी क्षेत्रातील शहरांतून आणि त्याहून दूरच्या प्रदेशांतून येतात. चार राज्य सरकारांच्या सीमा वाऱ्याला अडवीत नाहीत. २०२१ च्या अधिनियमान्वये राजधानी क्षेत्र व लगतच्या प्रदेशांसाठी वायु गुणवत्ता व्यवस्थापन आयोगास वैधानिक दर्जा देण्यात आला, त्यामागे हीच जाणीव आहे. तरीही दिल्लीतील पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर या राष्ट्रीय मानकाच्या दुपटीहून अधिक राहत आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शक मूल्य तर ५ आहे.

शाळा बंद, घर उघडे

नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रदूषणाने कमाल पातळी गाठल्यावर श्रेणीबद्ध कृती आराखड्याच्या चौथ्या टप्प्याखाली दिल्लीतील प्रत्यक्ष वर्ग बंद करून ऑनलाइन शिक्षण सुरू करण्यात आले. मुलांच्या फुफ्फुसांसाठी हा निर्णय योग्यच, असे प्रथमदर्शनी वाटते. २५ नोव्हेंबर रोजी न्या. अभय ओक व न्या. ऑगस्टिन मसीह यांच्या खंडपीठाने मात्र त्याची दुसरी बाजू नोंदविली. शाळा व अंगणवाड्या बंद झाल्याने असंख्य मुले मध्यान्ह भोजनाला मुकली आहेत. अनेकांकडे ऑनलाइन शिकण्याची साधने नाहीत. आणि बहुतेकांच्या घरी हवाशुद्धीकरण यंत्र नसल्याने घरी बसणे व शाळेत जाणे यांत हवेच्या दृष्टीने फरक उरत नाही. निर्बंध शिथिल करण्याचा विचार करण्यास न्यायालयाने आयोगाला सांगितले. आयोगाने त्यानंतर प्रत्यक्ष व ऑनलाइन अशा दोन्ही पद्धतींनी वर्ग चालविण्यास मुभा दिली, आणि मुलाला शाळेत पाठवायचे की घरी ठेवायचे, याची निवड पालकांवर सोपविली.